गॅरेजमध्ये हत्यारं ठेवताना या चुका टाळा

ऑक्टोबर उजाडला की हाच प्रश्न येतो: पाने (स्पॅनर) गंजलेत, कुठला स्प्रे मारू? स्प्रेचं नंतर बघू. आधी हे सांगा, हत्यारांच्या शेजारी काय ठेवलंय? बंगल्याच्या किंवा रो-हाउसच्या गॅरेजमध्ये गाडी, इन्व्हर्टर, सायकली, रंगाचे डबे, खताच्या पिशव्या आणि उरलेल्या जागेत हत्यारं अशी दाटी असते. तिथे हत्यारं खराब होतात त्यात जागेच्या टंचाईपेक्षा चुकीच्या शेजाराचा वाटा मोठा असतो.

ॲसिडची बाटली

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, आणि बहुतेकांना ती शेवटपर्यंत कळत नाही. फरशी आणि संडास धुवायचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, गॅरेजच्या खालच्या फळीवर ठेवलेलं असतं. बूच घट्ट असलं तरी त्याची वाफ बाहेर येतच राहते. ती हवेतल्या दमटपणात मिसळून धातूवर बसते आणि गंज धरायला सुरुवात होते.

प्रकार साधारण असा घडतो. जूनमध्ये पान्यांवर तांबूस ठिपके दिसतात. माणूस पॉलिश पेपरने घासतो, तेल लावतो. आठवड्यात ठिपके परत. मग महागडा स्प्रे येतो, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या येतात, पत्र्याची नवी पेटी येते. नव्या पेटीच्या बिजागऱ्याही गंजतात. दोष पावसाला, कोकणातल्या हवेला, नाहीतर पान्यांच्या कंपनीला दिला जातो. स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंवरसुद्धा बारीक खड्डे पडलेले दिसले की समजायचं, हे नुसत्या दमट हवेचं काम नाही. बाटली त्याच खोलीत आहे.

उपाय: ॲसिड घराबाहेर, उघड्या हवेच्या पण मुलांचा हात न पोचणाऱ्या, कुलूपबंद जागी ठेवा. खरं तर लागेल तेवढंच आणा आणि साठवूच नका. ब्लीचिंग पावडरलाही हाच नियम. बाटली हलवली म्हणजे संपलं असं मात्र नाही. धातूवर बसलेले क्षार तसेच राहतात आणि त्यांच्यावर तेल चोपडलं तर आतून गंज चालूच राहतो. १ लिटर पाण्यात १ मोठा चमचा खायचा सोडा घाला, त्याने हत्यार पुसा, मग साध्या पाण्याने पुसा, लगेच कोरडं करून उन्हात तापवा आणि मग तेल लावा. हा क्रम टाळून थेट तेलाकडे जाणारे पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच येतात.

इन्व्हर्टरची ॲसिडवाली बॅटरी हा दुसरा वाईट शेजारी. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि त्याबरोबर आम्लाचे बारीक तुषारही. तिच्यावर फळी टाकून पाने ठेवणं तर फारच धोक्याचं. पाना घसरून दोन्ही टर्मिनलवर आडवा पडला तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो, पाना लाल होतो आणि बॅटरी फुटू शकते. तिच्या वरची जागा मोकळीच हवी, गॅरेज कितीही लहान असो.

युरिया आणि पोटॅशच्या पिशव्याही हत्यारांपासून लांब ठेवा. खतं हवेतलं पाणी ओढतात आणि लोखंड खातात.

भिंत न ओळखता ब्रॅकेट ठोकणं

उतावळेपणा सगळ्यात महाग पडतो तो इथे. ब्रॅकेटसोबत मिळालेली छोटी गिट्टी (स्क्रू पकडायला भिंतीच्या भोकात बसवतात ती फुगणारी नळी), हातातलं हॅमर ड्रिल आणि दहा मिनिटांत फळी तयार. भिंतीचं प्लास्टर साधारण १२ ते २० मिमी असतं. आखूड गिट्टीचा फुगणारा भाग तेवढ्यातच राहतो, म्हणजे सगळं ओझं प्लास्टरच्या पापुद्र्यावर.

ओढ किती लागते ते बघा. ३० सेंमी रुंद फळीवर ३० किलोचं सामान पसरून ठेवलं आणि ब्रॅकेटचे वरचे-खालचे स्क्रू २० सेंमी अंतरावर असले, तर वरच्या स्क्रूंना मिळून सुमारे २२ किलोची ओढ बसते. तेच ओझं पुढच्या कडेला सरकलं की ४५ किलो. रंगाची २० लिटरची भरलेली बादली एकटीच २५ किलोच्या पुढे जाते, आणि ती काढायला सोपी म्हणून कडेलाच ठेवली जाते. फळी त्याच दिवशी पडत नाही. स्क्रू हळूहळू मिमी-मिमीने बाहेर येतो आणि एक दिवस सगळं गाडीच्या बॉनेटवर.

भोक पाडताना पडणारी भुकटी बघायची सवय लावा. लाल असेल तर वीट, करडी आणि ड्रिलला जोर लागला तर काँक्रीट, पांढरट आणि बिट सहज आत गेला तर सिपोरेक्सचा हलका ब्लॉक. विटेत १० मिमी जाडीची, ८० ते १०० मिमी लांब गिट्टी घ्या, म्हणजे फुगणारा भाग विटेत जाईल. भोक विटेतच घ्या, दोन विटांमधल्या सांध्यात नको. भोकातली धूळ फुंकून काढा; धुळीत गिट्टी पकडत नाही. हलक्या ब्लॉकमध्ये ड्रिलचा हॅमर मोड बंद करून भोक पाडा आणि त्याच ब्लॉकसाठी बनलेली नायलॉनची गिट्टी मागा. साधी तिथे टिकत नाही.

आमचं स्पष्ट मत: जड सामानासाठी भिंतीवर विसंबूच नका. भोकं असलेल्या लोखंडी अँगलची, जमिनीवर उभी राहणारी मांडणी घ्या, भार जमिनीवर जाऊ द्या आणि ती पुढे कलू नये म्हणून वर दोन ठिकाणी भिंतीला बांधा. जड वस्तू कमरेच्या खाली. मांडणी आणण्याआधी गाडी आत लावून चारही दारं आणि डिकी पूर्ण उघडा, जमिनीवर खडूने रेघ मारा. त्या रेघेच्या आत काहीही येता कामा नये.

ग्राइंडरच्या चकत्या

चार इंची चकतीवर ८० मीटर प्रति सेकंद, म्हणजे मिनिटाला सुमारे १५,३०० फेरे अशी मर्यादा छापलेली असते. तेवढ्या वेगाने फिरणारी वस्तू हातोड्यांच्या खोक्यात फेकायची नसते. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही आणि चकती चालू मशीनवर फुटते. मधल्या धातूच्या कडीवर मुदतीचा महिना-वर्ष असतो, सहसा उत्पादनापासून ३ वर्षं. डिंकासारखा राळेचा बंध ओल धरून कमजोर होतो, म्हणून चकत्या सपाट, कोरड्या, झाकणाच्या डब्यात ठेवा. पडलेली, भिजलेली किंवा मुदत संपलेली चकती मोडून टाका, म्हणजे दुसरं कुणी लावणार नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. पटाशी, रंधा, कोयता गोणपाटात, वर्तमानपत्रात किंवा चामड्याच्या म्यानात गुंडाळून पावसाळाभर ठेवू नका. तिन्ही ओल धरतात. खायचं तेल लावू नका, ते चिकट होऊन बसतं. शिलाई मशीनचं तेल फडक्याने पातळ लावा, तेही मे महिन्यातच. सिलिका जेल उघड्या मांडणीवर काहीच करत नाही, ते घट्ट झाकणाच्या डब्यातच कामाचं. करवतीच्या दातांवर बागेच्या जुन्या पाइपचा तुकडा उभा चिरून बसवा. फावडी-कुदळी जमिनीवर टेकवू नका, दांड्याला वाळवी लागते. ड्रिलची लिथियम बॅटरी मशीनमधून काढा, निम्मी चार्ज करून घरात ठेवा, तापणाऱ्या पत्र्याखाली नको.

थिनर आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि गॅस गीझरच्या ज्योतीपर्यंत पोचते. ते पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवणं हा अक्षम्य प्रकार आहे, कारण तहानलेलं मूल लेबल वाचत नाही. चुकून कुणी प्यायलंच तर उलटी करवू नका, थेट दवाखान्यात न्या. जवसाच्या तेलाने पॉलिश केलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती बाहेर मोकळी पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा.