कॉमिक्सचं संकलन कसं काढावं: आधी पानांचा हिशोब, मग कथा

संकलनात आठ-दहा चित्रकारांचं काम एका पुस्तकात बसवायचं असतं, म्हणून कथा मागवण्याआधी आकार आणि पानसंख्या पक्की करा. पिन बाइंडिंग (दुमडलेल्या पानांना घडीवर पिना मारलेली बांधणी) असेल तर पानसंख्येला ४ ने भाग जायलाच हवा. जाड पुस्तक बहुधा १६ पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांत, छापलं जातं. समजा पानं ६४ आहेत. शीर्षक, श्रेय, अनुक्रमणिका, मनोगत यांची ६ वजा करा. उरलेल्या ५८ पानांत ६ पानी ७ कथा, ३ पानी ४ आणि एकपानी ४ अशा बसतात. एकपानी कथांना कमी लेखू नका. पुढची कथा डाव्या किंवा उजव्या पानावर आणायची असली की त्याच कामी येतात.

आवाहनात विषय नेमका द्या. नुसता ‘पाऊस’ दिला की काहीही येतं. ‘पाऊस थांबायची वाट पाहणारी माणसं’ म्हटलं की चित्रकाराला धरायला काहीतरी मिळतं. शंभरेक शब्दांत कथासार आणि आधीच्या कॉमिक्सची २-३ पानं मागवा. सुटी चित्रं पुरत नाहीत, कारण सुंदर चित्र काढणाऱ्याला चौकटीमागून चौकट गोष्ट सांगता येईलच असं नाही. मानधन, मुदत आणि हक्क तिथेच लिहा. कॉपीराइट चित्रकाराकडेच राहू द्या. तुम्ही या पुस्तकापुरते छपाईचे हक्क लेखी घ्या.

संपादकाचं खरं काम थंबनेलवर, म्हणजे कथेच्या कच्च्या आराखड्यावर होतं. पेन्सिल लागण्याआधी अख्खी कथा छोट्या कच्च्या चौकटींत मागवा, संवादासकट. इथे चौकट हलवायला पाच मिनिटं लागतात, शाई झाल्यावर दिवस जातो. आधी फक्त चित्रं बघा: संवादाशिवाय घटना कळते का? मग पान उलटण्याची जागा तपासा. विषम पान उजवीकडे येतं, त्यामुळे उत्सुकता विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत आणि उलगडा पुढच्या सम पानावर हवा. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरणारं चित्र सम पानापासूनच सुरू होतं. कथा एका पानाने सरकली की ते चित्र मधोमध तुटतं. संवादांचे फुगेही पाहा. आधी बोलणारं पात्र उजवीकडे उभं असेल तर फुग्यांची शेपटं एकमेकांना छेदतात. पात्रांच्या जागा बदलायला सांगा. देवनागरीत वेलांट्या, उकार, रफार यांमुळे ओळींत जास्त अंतर लागतं, म्हणून फुगे सुरुवातीपासून ऐसपैस हवेत.

अभिप्राय एकाच संपादकाकडून जाऊ द्या. ‘जमलं नाही’ याने कोणाचंच भलं होत नाही. ‘तिसऱ्या चौकटीत दार कोणी उघडलं ते कळत नाही’ असं लिहा आणि उपाय चित्रकारावर सोडा. थंबनेलवर दोन फेऱ्या पुरेत. शाईनंतर फक्त चुका दुरुस्त करा.

फाइलींचे नियम एका पानावर लिहून पाठवा: रंगीत काम छापील आकारात ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), शुद्ध काळी रेघ किमान ६००, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापाच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र), अक्षरं कापाच्या आत निदान ५ मिमी. चिकटवलेल्या बाइंडिंगमध्ये मधली बाजू पाठीत गडप होते, तिथे आणखी जागा सोडा. अक्षरं वेगळ्या लेयरवर आणि फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांच्या शाई मिसळून केलेला काळा वापरला तर छपाईची एखादी प्लेट किंचित सरकली तरी बारीक मात्रा पुसट दिसतात. छपाईला देताना अक्षरं आउटलाइनमध्ये (फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत) बदला, नाहीतर फॉन्ट नसलेल्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात.

चित्रकारांना दिलेली मुदत छपाईच्या तारखेच्या महिनाभर आधीची असावी. कोणीतरी गळतंच, तेव्हा दोन एकपानी कथा तयार हव्यात. क्रम लावताना सगळी पानं लहान आकारात छापून जमिनीवर मांडा. दोन निःशब्द कथा शेजारी नकोत, सारख्या रंगांच्याही नकोत.

मंडळी टिकवायची तर थंबनेल चार-पाच जणांच्या गटात वाचा. प्रत्येक जण दुसऱ्याची एक कथा आधी वाचून येईल, मगच आपली दाखवेल. नाकारलेल्या प्रत्येकाला नेमकं एक कारण कळवा. पुढच्या अंकाचे चांगले चित्रकार अनेकदा याच यादीतून येतात. लेटरिंग (फुग्यांतली अक्षरं) आणि रंग करणाऱ्यांची नावंही श्रेयात लेखकाइतक्याच मोठ्या अक्षरांत द्या. मानधन ठरल्या तारखेलाच द्या, आणि पुढच्या अंकासाठी या अंकातल्याच कोणाला तरी सहसंपादक करून थंबनेलची पहिली फेरी त्याच्यावर किंवा तिच्यावर सोपवा.