सेप्टिक टँक कधी उपसायचा? या चुका टाळा

‘टँक भरला’ म्हणजे नेमकं काय भरलं, इथेच बहुतेकांची गल्लत होते. ढापा उघडला, पाणी वरपर्यंत दिसलं, की लगेच मैला उपसणाऱ्या गाडीला फोन. पण सेप्टिक टँक पाण्याने कायम भरलेलाच असतो. पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीला येऊन थांबतं. पुढे जेवढं आत येईल तेवढंच शोषखड्ड्याकडे, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याकडे जातं. बघायचा असतो तो तळाचा गाळ.

तो मोजायला लांब बांबू पुरतो. त्याच्या खालच्या भागाला जुना पांढरा पंचा घट्ट गुंडाळायचा, संडासाचं पाणी ज्या कप्प्यात पहिल्यांदा येतं तिथे बांबू सरळ तळाला टेकवायचा, पाचेक मिनिटं तसाच धरायचा आणि हळूच वर काढायचा. आमच्या टँकमध्ये पाणी पाच फूट होतं आणि पंचा दोन फुटांपर्यंत काळाकुट्ट निघाला. पाण्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत गाळ आला की उपसा करावाच. म्हणजे आम्हाला आधीच उशीर झाला होता.

उशीर झाला तर काय, असं वाटेल. गाळ वाढला की मैल्याला खाली बसायला जागा उरत नाही. तो पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो आणि भोवतालची माती चिकट थराने बुजते. टँक उपसणं तासाभराचं काम आहे, बुजलेला शोषखड्डा मात्र बहुधा नवाच खणावा लागतो. म्हणून संडास तुंबायची वाट बघू नका. वाई नगरपरिषदेने 2018 पासून दर तीन वर्षांनी घरोघरचे टँक उपसायची पद्धत लावली, ती मला अगदी योग्य वाटते.

लक्षणंही नीट वाचायला हवीत. तळमजल्यावरचं पाणी सावकाश उतरतंय, फ्लश केल्यावर न्हाणीच्या जाळीतून गुडगुड ऐकू येतेय, तर टँककडे बघा. एकच संडास तुंबला असेल तर दोष बहुधा त्याच्या लाइनमध्ये असतो. टँकमधलं पाणी बाहेरच्या पाइपाच्याही वर चढलं असेल किंवा शोषखड्ड्याभोवती उन्हाळ्यातही ओल असेल, तर तो पाइप नाहीतर खड्डा तुंबलाय; नुसता उपसा करून चार दिवसांत पुन्हा तेच होईल. कोकणात भर पावसात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, तेव्हा शोषखड्डा पाणी घेत नाही. उपसा एप्रिल-मेमध्येच उरकावा.

ॲसिड ओतू नका, मैला कुजवणारे जिवाणूच त्याने मरतात. गाळ खाणारी म्हणून विकली जाणारी पावडर टाकली तरी तळाची रेती आणि न कुजणारा गाळ तिथेच राहतो. ढाप्यावर फरशी बसवू नका. आमच्याकडे बसवली होती, म्हणूनच कित्येक वर्षं कुणी आत पाहिलं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ढापा काढल्यावर अर्धा तास लांब थांबा, जवळ काडी ओढू नका, तोंडावर वाकू नका. आतल्या विषारी वायूने नाकच बधिर होतं, त्यामुळे ‘आता वास येत नाही’ यावर भरवसा ठेवता येत नाही. कुणालाही आत उतरवू नका. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. गाडीचा पाइप वरूनच तळापर्यंत पोचतो. गाळ फारच घट्ट असेल तर गाडीवाल्याला वरून पाणी मारून तो सैल करायला सांगा.