उपवास म्हणजे उपाशीपोट नव्हे! कोलेस्टेरॉल तपासताना या चुका टाळा

दर एकादशीला सकाळी आमच्या लॅबच्या बाकावर एखाद्या तरी मावशी बसलेल्या असतात. "उपवास आहेच आज, म्हटलं त्यातच रक्त देऊन टाकावं." मी विचारतो, सकाळपासून काय घेतलं? "काही नाही ओ. चहा. आणि साबुदाण्याची खिचडी, ती पण थोडीच." म्हणजे शेंगदाण्याचं कूट, तूप, बटाटा, आणि वर एक केळं. हा उपवास विठ्ठलाला चालतो, लिपिड प्रोफाइलला, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीला नाही.

बावीस वर्षं झाली, सोलापूरच्या पूर्व भागात मी रक्त काढतोय. यंत्रमागवाले, विडी कामगार बायका, मास्तर, पोलीस, सगळ्यांच्या नसा हाताखालून गेल्या. चुका मात्र त्याच त्या.

काय खाल्लं ते लपवणं

लिपिड प्रोफाइलमध्ये मुख्य आकडे चार: एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), एलडीएल (रक्तवाहिन्यांत साचणारं वाईट कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी एक चरबी). जेवणानं खरा उसळतो तो ट्रायग्लिसराइड. बाकीचे फारसे हलत नाहीत. म्हणूनच 2016 साली युरोपातल्या तज्ज्ञांनी सांगून टाकलं की नेहमीच्या तपासणीला उपाशी राहायची सक्ती नको. मला ते पटतं. पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'फास्टिंग' लिहिलं असेल तर 9 ते 12 तास पोटात पाण्याशिवाय काही नको. पाणी मात्र प्या. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे गेलेला असताना लोक पाणीसुद्धा न पिता येतात, मग नस सापडत नाही आणि शिव्या मला.

खाल्लं असेल तर खाल्लं म्हणा. मला राग खाण्याचा नाही, लपवण्याचा येतो.

मी नवखा होतो तेव्हाची गोष्ट. जानेवारी महिना, गड्ड्याची यात्रा नुकतीच उरकलेली. एक कारखानदार सकाळी सातला दारात हजर. "उपाशीपोटीच आलोय, काढा लवकर." रक्त मशीनमध्ये फिरवलं. एरवी सिरम, म्हणजे रक्तातल्या पेशी खाली बसल्यावर वर उरणारं पाणी, करडईच्या तेलासारखं फिकट पिवळं दिसतं, ह्यांचं ताकासारखं पांढरं. मला तेव्हा अक्कल कमी आणि घाई जास्त. रिपोर्ट आला: एकूण 222, एचडीएल 36, ट्रायग्लिसराइड 560, एलडीएल 74. मालक एलडीएल बघून खूश. "74! डॉक्टर उगाच घाबरवतात."

तो 74 कुणी मोजलेलाच नव्हता. तेव्हा आमच्याकडे एलडीएल सूत्रानं काढायचे, आजही कितीतरी ठिकाणी काढतात. फ्रिडेवाल्ड नावाच्या संशोधकानं 1972 मध्ये दिलेलं सूत्र: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा, उरलं ते एलडीएल. हिशोब सोपा, पण ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही. 560 चा पाचवा भाग 112. एवढा मोठा आकडा वजा झाला की एलडीएल आपोआप गरीब दिसतं.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी ट्यूब उजेडात धरली आणि मला विचारलं, "हे दूध कुठून आणलंस?" मग मालकांनी कबूल केलं. रात्री बोरामणीकडच्या शेतात हुरडा, हुरड्यावर मटण, मटणाआधी दोन-तीन पेग, आणि शेवटचा घास साडेअकराला. दोन आठवडे दारू बंद करून, घरचं नेहमीचं जेवून ते परत आले. ट्रायग्लिसराइड 235. एलडीएल 140. म्हणजे ज्या आकड्यावर ते खूश होऊन घरी निघाले होते, त्याच्या जवळजवळ दुप्पट.

तेव्हापासून माझी सवय: सुई टोचण्याआधी 'जेवलात का' असं विचारत नाही. 'रात्री शेवटचा घास किती वाजता' असं विचारतो. पहिल्या प्रश्नाला लोक मान हलवतात, दुसऱ्याला आठवावं लागतं.

तपासणीसाठी गोळी बंद करणं

हे माझं दुसरं दुखणं. जुळे सोलापुरातल्या एक निवृत्त बाई, अँजिओप्लास्टी झालेली, स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी रोज चालू. आधीचं एलडीएल 68. त्या खेपेला आलं 139. डॉक्टरांनी डोस दुप्पट केला. दोन महिन्यांनी बाई पुन्हा आल्या, पाय दुखतात म्हणून वैतागलेल्या. पट्टा बांधता बांधता सहज म्हणाल्या, "मागच्या वेळी तीन आठवडे गोळी सोडली होती. गोळीनं दबलेलं काय बघायचं, खरं कोलेस्टेरॉल बघावं म्हटलं."

काकू, डॉक्टरांना दबलेलंच बघायचं असतं! गोळी लागू पडते की नाही, हेच तर तपासायचं असतं. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर 4 ते 12 आठवड्यांनी तपासणी करतात ती त्यासाठीच. गोळी सोडली की थोड्याच आठवड्यांत कोलेस्टेरॉल मूळ जागी जातं. याचाच जुळा भाऊ म्हणजे 'रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कशाला?' गोळीमुळेच तो नॉर्मल आलाय. आता मी प्रत्येकाला विचारतो आणि चिठ्ठीवर लिहून देतो: गोळी चालू, किंवा इतके दिवस बंद. कुणी सांगितलेलं नाही, माझंच खूळ आहे, पण त्यानंतर असा घोळ आमच्याकडून झाला नाही.

चार दिवस साधू होणं

तपासणीच्या आठवड्यात तेल बंद, भाकरीबरोबर शेंगा चटणी बंद, रोज संभाजी तलावावर चार चकरा. रिपोर्ट म्हणजे दहावीची परीक्षा वाटते लोकांना. नेहमी जसं जगता तसे या. जाता जाता एक: तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून भुलू नका. कोणत्याच वनस्पतीच्या तेलात ते नसतं, अगदी घाण्यावरच्या शेंगदाणा तेलातही नाही.

फक्त 'टोटल' बघणं

दोन्शेच्या वर म्हणजे घाबरायचं, खाली म्हणजे मटण आणायचं, असा आपल्याकडे कायदा आहे. एकाच सकाळचे दोन रिपोर्ट सांगतो. विडी वळणाऱ्या पण विडी न ओढणाऱ्या एक बाई: टोटल 228, एचडीएल 78. मावा खाणारा एक भाऊ: टोटल 178, एचडीएल 29. बाई रडकुंडीला, भाऊ निर्धास्त. टोटलमधून एचडीएल वजा करा: बाईंचे 150, भाऊचे 149. शिरांत साचू शकणारा माल दोघांचा सारखाच! याला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि यासाठी उपाशी राहायचीही गरज नाही. आता भाऊला शुगर आहे, बीपी आहे, तंबाखू आहे. बाईंना यातलं काही नाही. हृदयाचा धोका डॉक्टर हे सगळं एकत्र मांडून ठरवतात, वय आणि घराणंही धरून. वडील-भाऊ यांना 55 च्या आत किंवा आई-बहिणीला 65 च्या आत अटॅक आला असेल तर ते न विचारता सांगा. बारीक असाल, तरी सांगा.

छापील 'नॉर्मल' रकानाही सगळ्यांना सारखा लागू नसतो. एलडीएल 95 निरोगी माणसाला ठीक आहे. अटॅक येऊन गेलेल्याला डॉक्टर 70 च्या, कधी 55 च्याही खाली आणा म्हणतात.

बाकीच्या, थोडक्यात

ताप, डेंगी, ऑपरेशन यानंतर लगेच लिपिड करू नका. आजारपणात कोलेस्टेरॉल खोटं कमी दिसतं. काही आठवडे जाऊ द्या.

एलडीएल अचानक वाढलं तर थायरॉइड तपासलंय का, ते विचारा.

जिना चढून आल्या आल्या हात पुढे करू नका, पाच-दहा मिनिटं बसा. आणि नव्या टेक्निशियन पोरांनो, पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवू नका, रक्त घट्ट होऊन आकडे वाढतात. उन्हाळ्यात घरून घेतलेलं सॅम्पल गाडीच्या डिकीत घालून गावभर हिंडू नका.

छातीत दुखतंय म्हणून कोलेस्टेरॉल तपासायला येऊ नका! वर्षाला दोन-तीन जण येतातच, घामानं डबडबलेले, 'आधी लिपिड करू, मग बघू' म्हणत. या रिपोर्टवरून आत्ता अटॅक आहे की नाही ते कळत नाही. कोलेस्टेरॉल नॉर्मल असलेल्यालाही अटॅक येतो. तिथं ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी) लागतं, तेही लगेच. 108 ला फोन करा. मी अशांना सुई लावत नाही. एकदा एक जण त्यावरून भांडला होता, तरी लावली नाही.

जुना रिपोर्ट सोबत आणा, कागदावर. मोबाईलमध्ये फोटो आहे म्हणतात, आणि मग लग्नाच्या फोटोंतून तो शोधेपर्यंत मागची दहा माणसं उपाशीपोटी ताटकळतात.