चित्रकाराकडून स्वतःचा पत्त्यांचा कॅट काढून घ्यायचा असेल तर

खास चित्रं काढून घेऊन पत्त्यांचा कॅट करायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘चांगला चित्रकार गाठा, विषय सांगा आणि त्याला मोकळं सोडा.’ या सल्ल्याने चित्रं सुंदर मिळतात, पण कॅट खेळायला निकामी होतो. रमीची तेरा पानं पंख्यासारखी धरली की प्रत्येक पानाची फक्त डाव्या कडेची अरुंद पट्टी दिसते. खेळणारा त्या पट्टीवर खेळतो. चित्राबद्दलचा प्रत्येक निर्णय त्या पट्टीपासून सुरू व्हायला हवा. लग्नाच्या भेटीसाठी, संस्थेसाठी आणि एकदा महाराष्ट्राच्या लोककलांवर, असे कॅट मी करून घेतले आहेत. उदाहरणं मुख्यतः त्या लोककलांच्या कॅटची देतो, कारण सगळ्या अडचणी त्यात एकत्र आल्या.

आधी चित्रं मोजा

पानं ५२ आणि जोकर २, पण चित्रं ५४ नसतात. राजा, राणी, गुलाम मिळून चित्राची १२ पानं, २ जोकर, ४ एक्के आणि १ पाठ, म्हणजे एकूण १९. दुर्रीपासून दश्शीपर्यंतची ३६ पानं हे मांडणीचं काम आहे. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या चार खुणा नीट काढून घेतल्या की ती पानं तयार होतात. ‘प्रत्येक पानावर वेगळं चित्र’ हा हट्ट सोडा. सत्ती ओळखायला कुणी खुणा मोजत बसत नाही, डोळा मांडणीवरूनच ओळखतो. ती मांडणी मोडली की खेळ रेंगाळतो, आणि खर्च वाढतो तो वेगळाच.

पैसे कमी असतील तर चारपैकी फक्त इस्पिकचा एक्का सजवून घ्या. त्याला तसा जुना मानही आहे. इंग्लंडमध्ये पत्त्यांवर कर होता आणि १७६५ पासून इस्पिकचा एक्का तिथली सरकारी मुद्रांक कचेरीच छापत असे. पुढे कर गेला, एक्क्यावरची नक्षी राहिली. साल, प्रसंग, चित्रकाराचं नाव घालायचं असेल तर हीच जागा.

चित्रकार निवडताना

मोठी निसर्गचित्रं आणि भिंतीवरची कामं बघून निवड करू नका. चेहरे बघा, तेही लहान आकारात. दिवाळी अंकात व्यंगचित्रं काढणारे, मुलांच्या पुस्तकांना चित्रं देणारे लोक या कामाला उत्तम, कारण चार रेषांत माणूस उभा करायची त्यांना सवय असते. मात्र पावसाळ्याच्या उत्तरार्धात हीच मंडळी दिवाळी अंकांत बुडालेली असतात. दिवाळीच्या सुट्टीत कॅट हातात हवा असेल तर काम उन्हाळ्यातच द्या.

‘नमुन्यादाखल एक पान फुकट काढून दाखवा’ असं कुणाला म्हणू नका. नमुन्याचेही पैसे द्यायचे असतात.

करार लिहूनच करा

ओळखीतला माणूस असला तरी. एक पान पुरे: किती चित्रं, किती वेळा दुरुस्ती (मी तीनदा लिहितो), कधी किती पैसे, काम मध्येच थांबलं तर किती, आणि मूळ चित्रं कुणाकडे राहणार. ती चित्रकाराकडेच राहावीत असं माझं ठाम मत आहे. पैशांचे तीन हप्ते करा: सुरुवातीला, रेखाटनं पक्की झाल्यावर आणि अंतिम फाइली मिळाल्यावर.

कॅट पुढे विकायचा असेल तर हक्कांबद्दल स्पष्ट लिहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. हक्क तुमच्याकडे आले तरी कलम ५७ प्रमाणे चित्रकाराचं श्रेय त्याचंच राहतं आणि चित्राची मोडतोड करून त्याच्या नावाला बाधा आणली तर तो हरकत घेऊ शकतो. चित्रकाराला न विचारता चेहरे बदलायचे नाहीत.

माप

६३ बाय ८८ मिलिमीटर, चारही बाजूंना कापणीसाठी ३ मिलिमीटर जादा, आणि महत्त्वाचं सगळं कडेपासून निदान ४ मिलिमीटर आत. हे पहिल्याच दिवशी चित्रकाराला लिहून द्या.

पहिली तीन पानं: सगळी कसोटी इथे

माझं काम सर्वांत जास्त अडलं ते याच टप्प्यावर. उत्साही चित्रकार बाराच्या बारा रेखाटनं एकदम पाठवतो. मोबाइलवर ती मोठी करून बघितली की जीव हरखतो आणि आपण होकार देऊन टाकतो. तो देऊ नका. सुरुवातीला तीनच पानं मागा: एक राजा, एक दश्शी आणि पाठ. ती खेळून बघितल्याशिवाय पुढचं काम सुरू करू देऊ नका.

कारण जागेत आहे. पत्त्याचं चित्र दुतोंडी असतं, पान कसंही धरलं तरी सुलटच दिसतं. म्हणजे ८८ मिलिमीटरपैकी एका माणसाच्या वाट्याला ४४ येतात. त्यातून वरची मोकळी कड आणि बाजूच्या अक्षरांच्या पट्ट्या वजा करा. उरते ती साधारण पासपोर्ट फोटोएवढी जागा, आणि तेवढ्यात चेहरा, पोशाख, हत्यार, सगळं बसवायचं. मोठ्या कागदावर काम करणाऱ्याला हे सांगून पटत नाही. त्या मापाचा चौकोन कापून त्याच्या हातात द्यावा लागतो.

लोककलांच्या कॅटमध्ये किलवरचा राजा वासुदेव होता. मोरपिसांची उंच टोपी पूर्ण काढली की चेहरा नखाएवढा उरायचा, आणि टोपी आखूड केली की तो वासुदेव वाटेनासा व्हायचा. चित्रकर्ती टोपी कापायला तयार नव्हती आणि तिचं बरोबर होतं. बऱ्याच खटपटीनंतर वाट सापडली ती पानाच्या रचनेतच. अक्षर आणि खूण वरच्या डाव्या कोपऱ्यात असते, उजवा कोपरा रिकामा असतो. तिने वासुदेवाची मान किंचित कलती केली आणि टोपी त्या रिकाम्या कोपऱ्यात झुकवली. चेहरा मोठा राहिला, टोपीही सबंध राहिली.

चौकटचा राजा गोंधळी. संबळ कमरेशी असतो आणि दुतोंडी पानाचा जोड नेमका कमरेवर येतो. जोडाची रेघ सरळ आडवी घेतली तर अर्धा संबळ उलट्या बाजूच्या अर्ध्या संबळाला भिडतो आणि ते काय आहे हेच कळत नाही. रेघ तिरकी घ्या. मग प्रत्येक अर्ध्याला एका बाजूला जास्त खोली मिळते आणि संबळ तिथे पुरा बसतो.

बदामची राणी लावणीची नर्तकी होती. लावणी म्हटलं की घुंगरू, पण दुतोंडी पानाला पायच नसतात! तिथे घुंगरांचा चाळ तिच्या हातात आला, नुकताच उचलून बांधायच्या तयारीत असल्यासारखा. तुमचा विषय कोणताही असो, चित्रकाराशी पहिल्या बैठकीत हाच प्रश्न विचारा: या माणसाची ओळख कमरेच्या वर कशात आहे?

‘मग एकमुखी चित्रं काढा, माणूस पूर्ण दिसेल’ असं सुचवणारे भेटतात. ऐकू नका. एकमुखी पान उलटं आलं की माणूस ते हातातल्या हातात फिरवतो, आणि समोरच्याला कळतं की याच्याकडे चित्र आलं. ही अडचण दूर करायलाच दुतोंडी पानं आली आणि १९व्या शतकात सगळीकडे रुळली. एकमुखी कॅट शोकेससाठी करा, खेळायला नको.

दुसरी अडचण राजा आणि गुलामाची. लोककलेचे सगळेच पुरुष फेटा-पगडीवाले, मिशावाले, त्यामुळे ते चटकन एकसारखे होतात. यावर मी एक चाचणी लावतो. बाराही आकृत्या काळ्या रंगाने पूर्ण भरून मागतो. नुसत्या बाह्याकारावरून राजा, राणी, गुलाम वेगळे ओळखू आले तरच पुढे जातो. नेहमीच्या कॅटमध्ये इस्पिकचा आणि बदामचा गुलाम, आणि चौकटचा राजा, एका बाजूने दिसतात, म्हणून त्यांना एकच डोळा असतो. बदामच्या राजाला मिशी नसते. अशा फरकांवर खेळणाऱ्याची नजर बसलेली असते. ते तसेच उतरवायची गरज नाही, पण तितकेच ठळक फरक तुमच्याही पानांत हवेत. आम्ही सगळे राजे समोरून, सगळे गुलाम बाजूने असा नियम केला आणि गोंधळ मिटला.

अक्षरांचंही तसंच. देवनागरी अक्षरं घालावीत ही इच्छा मला पूर्ण मान्य आहे, पण राजा आणि राणी दोघांचंही पहिलं अक्षर ‘रा’ येतं. पंख्यात ते कुणालाही वेगळं करता येत नाही. यासाठी मी आकडे देवनागरी ठेवतो आणि चित्रांना के, क्यू, जे ही सवयीची इंग्रजी अक्षरंच. आकडा निदान ६ मिलिमीटर उंच हवा. त्याहून नाजूक अक्षर सुबक दिसतं आणि रात्री दिव्याखाली वाचता येत नाही.

रंगासाठी सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे हाताने रंगवलेले पत्ते, बघा, शक्य असेल तर राजवाड्यात जाऊन, तिथे कलाकार आजही त्या हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात १२, अशी १२० गोल पानं असतात. इतके संच ओळखता यावेत म्हणून प्रत्येक संचाची जमीन, म्हणजे चित्रामागची पार्श्वभूमी, वेगळ्या रंगाची असते. तेच तत्त्व घ्या. चारही संचांतल्या चित्रांना सगळेच रंग वाटू नका. इस्पिक आणि किलवरच्या चित्रांची जमीन थंड, बदाम आणि चौकटची उबदार ठेवली तरी अर्धं काम होतं.

गंजिफावर अवतार असतात म्हणून आपल्याही पत्त्यांवर देव किंवा महाराज घालावेत असं कुणी सुचवलं तर मी नाही म्हणतो. छापील पानं जमिनीवर पडतात, पाय लागतो, पैसे लावून खेळली जातात, आणि लोकांचा राग चित्रकारावर निघतो. दशावतारी नाटकातूनही आम्ही इस्पिकचा राजा म्हणून राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट घेतला, राणी म्हणून स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीचं काम करणारा. जोकर झाला त्याच नाटकातला राक्षस संकासुर, काळा वेष आणि लांब लाल जीभ. ते पान पंख्यात कुठेही असलं तरी लपत नाही.

आता खेळून बघा. तिन्ही पानं खऱ्या मापात जाड कागदावर छापून, कापून, नेहमीच्या कॅटमधल्या त्याच पानांच्या जागी घाला. संध्याकाळी घरातल्या दिव्याखाली चौघांना बसवा, त्यात एक तरी साठीपुढचं माणूस हवं. आधी रमी, मग बदाम सात. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. हात बघत राहा. एखादं पान खात्री करायला कुणी पंख्यातून बाहेर ओढलं की ते नापास.

दुरुस्त्या सांगताना ‘जरा मजा येत नाहीये’ असं म्हणून चित्रकाराला काहीही उपयोग नाही. ‘तिसऱ्या पानामागे धरल्यावर हा राजा आहे की गुलाम ते कळत नाही’ असं सांगा. घरच्या सगळ्यांचे शेरे आधी गोळा करा, आपसात भांडून घ्या, आणि एकाच माणसाने एकाच कागदावर ते पाठवा. व्हॉट्सॲपवर दिवसभर एकेक सूचना टाकत राहिलात तर चांगला चित्रकारही वैतागतो.

उरलेली चित्रं

नमुना पक्का झाला की हे काम सरळ आहे. तीन-तीन पानांच्या टप्प्यांत मागवा.

पाठ

पान अर्धा फेरा फिरवल्यावर पाठ जशीच्या तशी दिसली पाहिजे, नाहीतर उलटं पान ओळखता येतं. कडेला बारीक पांढरी चौकट नको. कापणी थोडी सरकतेच, आणि बारीक चौकटीत ते लगेच दिसतं. चौकट ४-५ मिलिमीटरची ठेवा किंवा ठेवूच नका. गडद पाठ कडेपर्यंत नेली तर कडा लवकर पांढऱ्या पडतात, हे लक्षात घेऊन ठरवा.

फाइली आणि छपाई

प्रत्येक पानाची वेगळी फाइल, जादा कडेसह ६९ बाय ९४ मिलिमीटर, ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), छपाईच्या चार रंगांत. पडद्यावरचा झळझळीत भगवा कागदावर मंद होतो, म्हणून रंग पडद्यावर मंजूर करू नका. बारीक काळ्या रेषा नुसत्या काळ्या शाईत ठेवायला सांगा. चार शाईंच्या काळ्यात छपाई जराशी हलली की रेषेला रंगीत सावली येते.

कागद ३०० ते ३१० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा), मधे काळा थर असलेला, म्हणजे पान उजेडात पारदर्शक होत नाही. ‘लॅमिनेशन करून देतो, जास्त टिकेल’ असं छापखान्यात हमखास सांगतात. एकदा मला तसा कॅट मिळालाही. पानं एकमेकांना चिकटायची आणि पिसताच येत नव्हती. लॅमिनेशन नको, पत्त्यांसाठीचं वॉर्निश आणि बारीक कापडी पोत मागा. आधी त्यांनी छापलेला नवाकोरा कॅट हातात घेऊन पिसून बघा. मोठ्या तावावर ५६ पानं बसत असतील तर दोन जादा मिळतात, एकावर चित्रकाराची ओळख छापा.

छपाईआधी सगळी ५४ पानं खऱ्या मापात जमिनीवर क्रमाने लावून आकडा आणि खुणांची संख्या ताडून बघा. हे काम चित्रकारावर टाकू नका, नव्या डोळ्यांनी करा. गठ्ठे आले की वरचा, मधला आणि तळाचा असे तीन कॅट उघडून पुन्हा तेच करा. एखादं पान दुबार आलं किंवा गायब असलं, की बाकीचे पैसे देण्याआधी छापखान्याला कळवा.