उरलेल्या लोकरीचं पांघरूण आणि फुगवटे

डबाभर उरलेली लोकर होती, म्हणून क्रोशाचे चौकोन विणून पांघरूण करायला घेतलं. 12 चौकोन जोडले आणि मधेच फुगवटे! एक चौकोन 5 इंची, शेजारचा 6. जाड-बारीक लोकर एकाच सुईवर विणली, त्याचा हा प्रताप.

उसवलं सगळं. बारीक लोकरीचे दोन पदर एकत्र घेतले, म्हणजे जाडीला जुळले. मग सगळ्याला 5 मिमीची सुई, आणि शेवटची फेरी एकाच राखाडी लोकरीने, मुक्या खांबांची (क्रोशाचा बुटका टाका). पाव इंचाचा फरक तिथे मुरतो.

आईने प्रत्येक लोकरीचा धागा जाळून पाहायला लावला. केस जळल्यासारखा वास आला तर अस्सल, वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. अस्सल बाजूला काढली, गरम पाण्यात ती आटते. टोकं मात्र अजून खोचतेच आहे.