एका हाताने कांदा चिरायचा पाट

एक हात चालत नसेल तर अडचण सुरीची नसते, कांदा धरून ठेवण्याची असते. 20 मिमी जाडीचा प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड घ्या. 2 सेमी अंतरावर दोन भोकं पाडून खालून 50 मिमीचे स्टेनलेसचे गुळगुळीत खिळे ठोका. वर साधारण 3 सेमी टोक राहतं, त्यावर कांदा खोचायचा. एकाच खिळ्यावर कांदा गरगर फिरतो. स्क्रू नकोच, त्याच्या आट्यांत चोथा अडकून कुजतो. खिळ्याचं डोकं बसेल एवढा खड्डा खालून कोरा, नाहीतर पाट डुगडुगतो आणि सुरी घसरते. पाटाखाली घट्ट पिळलेलं ओलं फडकं हवंच. काम संपताक्षणी टोकांवर बुचं बसवा. नाहीतर पाट धुताना टोकं हाताला लागू शकतात, आणि धुणाऱ्याला खिळे माहीत असतीलच असं नाही.