काचेचा पूल: आधी फुटलेल्या काचेचा हिशेब

कन्याकुमारीला विवेकानंद शिलास्मारक आणि तिरुवल्लुवरांचा पुतळा जोडणारा ७७ मीटर लांब, १० मीटर रुंद पूल डिसेंबर २०२४ अखेर खुला झाला. असे पूल आखायला शिकणाऱ्या नवशिक्यांनी तो पाहताना आधी काचेकडे नाही, कमानीकडे बघावं. भार स्टीलची बोस्ट्रिंग कमान (धनुष्यासारखी, खालच्या ताणलेल्या तुळईने टोकं बांधलेली) घेते. काच ही फक्त फरशी.

पण फरशीच मारते. ‘टफन्डचे (भट्टीत तापवून झटकन थंड केलेल्या काचेचे) तीन थर लॅमिनेट केले, म्हणजे एकमेकांना चिकटवले, डिफ्लेक्शन (भाराखालचा वाक) मर्यादेत बसलं, झालं!’ नाही झालं. तो हिशेब अखंड काचेचा. टफन्ड काच बारीक दाण्यांत फुटते. तिन्ही थर टफन्ड असले आणि तिन्ही फुटले, तर थरांमधल्या मऊ प्लास्टिक पापुद्र्यासकट, म्हणजे पीव्हीबीसकट, पॅनेल ओल्या गोधडीसारखं लोंबतं आणि आधारावरून निसटतं. उन्हात पीव्हीबी आणखी मऊ. हीट-स्ट्रेंग्थन्ड (टफन्डपेक्षा सावकाश थंड केलेल्या) काचेचे तुकडे मोठे राहतात, एकमेकांत अडकतात. म्हणून खाली हीट-स्ट्रेंग्थन्ड, थरांच्या मध्ये पीव्हीबीऐवजी आयनोप्लास्ट हे जास्त कडक प्लास्टिक. वरचा थर झिजण्यासाठी. ताकदीत धरूच नका. एक थर फुटलेला धरून पूर्ण गर्दी, म्हणजे चौरस मीटरला ५०० किलो, तपासा. सगळे फुटलेले धरून माणसं बाहेर निघेपर्यंतचा भार तपासा. हे दुसरं नुसत्या सॉफ्टवेअरवर सोडू नका, नमुना पॅनेल फोडून पाहा. पुरवठादाराने दिलेलं तयार कॅल्क्युलेशन जोडून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो.

घाबरू नका, बाकीचं शिस्तीचं काम आहे. भोकं पाडणं आणि कडा घासणं काच भट्टीत जाण्याआधीच. टफन्ड वापरलीच तर हीट-सोक चाचणी, म्हणजे काच पुन्हा तापवून सदोष पॅनेल कारखान्यातच फुटू देणं, नाहीतर आत राहिलेला निकेल सल्फाइडचा कण काच कधीतरी आपोआप फोडतो. काच स्टीलला कुठेही टेकू नये, मध्ये ईपीडीएम रबराची पट्टी. खाऱ्या हवेत थर कडेपासून सुटतात, तिथे पाणी साचू देऊ नका. घसरण हलकी घेऊ नका: व्हेनिसमध्ये कालात्रावाच्या २००८च्या पुलावर लोक इतके घसरले की काचेच्या पायऱ्यांजागी दगड बसवायचं ठरलं.

प्रतीक? ‘पारदर्शकता म्हणजे मोकळेपणा’ असलं कॉन्सेप्ट नोटमध्ये लिहू नका, स्वस्त वाटतं. कन्याकुमारीत अर्थ जागेतच आहे. पुतळा चौथऱ्यासह १३३ फूट, कारण तिरुवल्लुवरांच्या तिरुक्कुरळ या तमिळ ग्रंथाचे अध्याय १३३. चौथरा ३८ फूट, कारण धर्मावरचे अध्याय ३८. शेजारचं स्मारक १९७०चं, आपल्या एकनाथ रानड्यांनी उभं केलेलं. समुद्र उथळ असला की पुतळ्याकडे बोट जात नसे. पुलाने ती अडचण सोडवली, म्हणूनच ‘जोडणं’ हा शब्द तिथे शोभतो. अशा ठिकाणी कमानीला आणखी कमळ-पंखांची सजावट चिकटवायची गरज नसते.

आणि टेंडरमध्येच त्याच बॅचची जादा पॅनेल मागा. तसंच एक पॅनेल शेजारच्यांना न हलवता वरून कसं उचलायचं, ते ड्रॉइंगवर दाखवा.